देवरे नाना गाडी घेतात

संध्याकाळी वरच्या मजल्यावर देवरे नानांकडे गेलं, की ते गॅलरीतल्या खुर्चीत दोन्ही हातांनी स्टीलचं ताट धरून बसलेले दिसायचे. ताट म्हणजे स्टिअरिंग. डाव्या हाताला बादलीत उभी केलेली छत्री म्हणजे गिअर. पायाशी तीन विटा: क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.

"जरा थांबा," समोरची नजर न हलवता ते म्हणायचे, "द्वारका चौकात अडकलोय."

मी निमूटपणे दारात उभा राहायचो. न दिसणारा ट्रक हलला, की नाना छत्री पुढे ढकलत, विटेवरचा पाय अलगद उचलत आणि मुंबई नाक्याकडे ताट वळवत. गाडी सातपूरला घरी पोहोचली, की ताट धुवायला जायचं, कारण रात्री जेवायला तेच लागायचं.

खरी गाडी अजून यायची होती. पण त्या वर्षी आमच्या कॉलनीत दुसरा विषयच नव्हता! नवं शतक नुकतंच लागलेलं, स्कूटरवाली माणसं चारचाकीची स्वप्नं बघू लागलेली आणि आमच्या बिल्डिंगमधली पहिली गाडी नानांची येणार होती. गाडी त्यांची, पण रंगावरून भांडायचो आम्ही. लाल की पांढरी, यावरून तळमजल्यावर दोन दिवस अबोला होता.

नाना मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. निवृत्त झाले तरी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, कायम खिशात. दार असो, कपाट असो, फट दिसली की पट्टी सरकवून बघायची. "विषय संपला!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कानावर पडलं की आम्ही नीट मांडी ठोकून बसायचो, कारण विषयाला खरी सुरुवात तिथून व्हायची.

गाडीचा ध्यास होता तो बाईंसाठी. बाई म्हणजे नानांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची बायपास होऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टर म्हणत, तब्येत ठणठणीत आहे, हिंडा, फिरा. पण बाईंनी मनाने आवराआवर सुरू केली होती. चांगल्या साड्या लेकीला दिल्या, पितळेची भांडी पुतणीला. कुठे चला म्हटलं तर "आता काय राहिलंय" म्हणून खिडकीशी बसून राहायच्या. गोळ्यासुद्धा नानांनी हातावर ठेवल्या तरच घ्यायच्या. ते ऐकलं की नाना उठून गॅलरीत जायचे आणि गाडी सुरू करायचे. बाईंना शेजारी बसवून त्र्यंबकला न्यायचं, पुन्हा माणसांत आणायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

पण गाडी घ्यायची कशी? एका रविवारी टाय लावलेला एक एजंट आला. त्याने लीज म्हणजे काय ते समजावलं. गाडी कंपनीची, वापरायची आपण, दरमहा भाडं भरायचं आणि तीन वर्षांनी गाडी परत द्यायची.

"म्हणजे खंडानं शेत करतात तसं," नाना म्हणाले.

"अगदी बरोबर, काका!"

"मग बांधावरची झाडं कुणाची?"

एजंटाने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं.

"मी सीटकव्हर घातलं, टेप बसवला, ते कुणाचं? अन् बाईला त्या सीटची सवय लागली की तुम्ही येऊन गाडी घेऊन जाणार? विषय संपला!"

त्यानंतर एजंट आणखी तासभर बसला होता. तेवढ्या वेळात नानांनी त्याच्या बॅगेच्या झाकणाची फटही मोजून घेतली.

राहिलं कर्ज. मी एका बँकेच्या कर्जविभागात कारकून होतो. नाना मला मॅनेजरसाहेब म्हणत, माझ्या मॅनेजरसमोरसुद्धा. कर्जाचं नाव काढताच त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. "मॅनेजरसाहेब, जन्मात कुणाचा हप्ता भरला नाही. फंडाचे पैसे आहेत. रोख द्यायचे, किल्ली घ्यायची."

झालं, रोखीचं ठरलं! शोरूममध्ये आम्ही शेजारी वऱ्हाडासारखे गेलो. नानांनी चारही दरवाज्यांच्या फटी मोजल्या, बॉनेट उघडून वास घेतला, डिकीत स्वतः बसून बघितलं. रोख म्हटल्यावर तिथल्या माणसाचा चेहरा पडला. "काका, हल्ली सगळे लोनच करतात," तो म्हणाला. नानांनी त्याच्याकडून पायपुसण्या, मडफ्लॅप आणि डॅशबोर्डावरचा गणपती फुकट मिळवला. लाल रंग नक्की झाला. आम्ही पेढे कोण आणणार यावर बोलत घरी आलो. शुक्रवारी पैसे भरायचे होते.

गुरुवारी बँक उघडली तर दारात नाना. सोबत बाई. बाईंना पंख्याखालच्या बाकावर बसवून ते माझ्या टेबलाशी आले.

"कर्ज काढायचंय. बाईच्या नावावर, तिच्या पेन्शनवर. जास्तीत जास्त मुदत किती?"

"सात वर्षं," मी चक्रावून म्हणालो.

"दहा नाही का होणार?"

"नाना, पैसे आहेत तुमच्याकडे. उगाच व्याज कशाला भरता?"

नाना खुर्ची पुढे ओढून वाकले. "ऑपरेशनला आत नेत होते ना, तेव्हा स्ट्रेचरवरून मला काय म्हणाली माहितीये? दूधवाल्याचं राहिलंय, तेवढं देऊन टाका. मग डोळे मिटले. कुणाचं देणं ठेवून ती कुठं जात नाही. अन् काल दुपारी म्हणते, माझं कुणाचं काही राहिलं नाही, मी आता सुटले." त्यांनी खिशातली पट्टी काढून माझ्या टेबलाच्या फटीत सरकवली. "अशी कशी सुटते? सात वर्षांचं देणं करून ठेवतो तिच्या नावावर."

मी फॉर्म काढला.

बाई आल्या. "माझं नाव कशाला यात?"

"गाडी तुनी शे," नाना घरच्या बोलीत म्हणाले. म्हणजे, गाडी तुझी आहे.

बाईंनी चष्मा लावला आणि पेपर तपासावा तशी ओळ न् ओळ वाचली. मग मला विचारलं, "मधेच सगळी रक्कम भरून टाकता येते ना?"

येत होती. आमच्या बँकेत त्याला दंडसुद्धा नव्हता. नाना खाली मान घालून बसले होते.

"नाही बाई," मी म्हणालो. "पूर्ण सात वर्षं भरावं लागतं. दर महिन्याला."

"सात वर्षं!" बाई म्हणाल्या. मग पर्समधून पेन काढून त्यांनी ठळक अक्षरात सही केली आणि नानांकडे वळल्या.

"अहो, सकाळची गोळी राहिली माझी. जरा पाणी आणा."