सूनबाईची परीक्षा आणि माझं दार

दारावर रंध्याचा एकच हात मारायचा, एवढंच मी त्या सकाळी ठरवलं होतं. देवाशपथ, एकच.

पन्नास वर्षं मी सुतारकाम केलं. शाळेचं तोंड पाहिलं ते बाकं दुरुस्त करायला गेलो तेव्हाच. त्यामुळे इंग्रजीतले दोनच शब्द माझ्या वाट्याला आले, 'येस' आणि 'थँक यू'. गिऱ्हाइकांशी तेवढ्यावर भागायचं. घरात इंग्रजीची गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

पण आमची सूनबाई नर्स. मुलगा दोन वर्षांपूर्वी परदेशी गेला, तिकडे हॉटेलात स्वयंपाक करतो. तिथलं एक हॉस्पिटल सूनबाईला घ्यायला तयार होतं. अट एकच, महिना संपायच्या आत इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा. दोनदा तिने परीक्षा दिली होती, आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. आता ही तिसरी.

मी एकदा शांतपणे तिच्याकडून सगळं समजून घेतलं.

"बाबा, यात पास-नापास असं नसतं. चार भाग असतात. ऐकायचं, वाचायचं, लिहायचं आणि बोलायचं. मला चारही भागांत सात हवेत."

"म्हणजे चार पायांचं टेबल."

"तसंच म्हणा."

"कुठला पाय आखूड पडतोय?"

"बोलण्याचा. दोन्ही वेळा साडेसहा."

"मग बाकीचे तीन अर्ध्या-अर्ध्याने तासून घ्या म्हणावं. डुगडुगणार नाही."

ती पोट धरून हसली. (मी विनोद केला नव्हता. धंद्यातला तोडगा सांगितला होता.)

अडचण अशी होती, की ती घाबरून उत्तरं पाठ करायची आणि पोपटासारखी म्हणून दाखवायची. परीक्षक बाईला ते लगेच कळायचं. कळणारच. लाकडावर वरून चिकटवलेला पापुद्रा मलाही बोटाच्या टिचकीसरशी कळतो.

या वेळची परीक्षा घरूनच होती, कॉम्प्युटरवर. त्याचेही नियम तिने सांगितले. खोलीत ती एकटी हवी. दार बंद हवं. कॅमेऱ्यातून पलीकडचा माणूस सगळं बघत असतो. मध्येच कुणी दार उघडून आत आलं तर परीक्षा रद्द, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी.

आणि त्या खोलीचं दार म्हणजे... धड बंद व्हायचं नाही, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी खाली घासून असं करकरायचं, की म्हशीने हंबरावं.

"अहो, सगळ्या पेठेची दारं केलीत," आमची ही म्हणाली, "घरच्या दाराकडे बघायला मात्र मुहूर्त मिळाला नाही तीस वर्षांत!"

"उद्या सकाळी एक हात मारतो रंध्याचा. पाच मिनिटांचं काम."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. मागच्या पाच मिनिटांत स्वयंपाकघराचं शेल्फ खाली आलं."

परीक्षा अकराला होती. मी आठला दार काढायला घेतलं. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. दार आडवं घालून मी रंधा फिरवला आणि लाकडाची एक लांब, कुरळी, पातळ पट्टी निघाली. तिच्यातून ऊन आरपार दिसत होतं. आता अशी पट्टी निघाल्यावर कुठला सुतार एका हातावर थांबेल? दुसरा मारला. तिसरा मारला. हात चालत राहिला आणि मन कुठल्या कुठे गेलं. याच दारावर मुलाची उंची दर वर्षी पेन्सिलीने टिपली होती. सर्वांत वरच्या रेघेनंतर मुलगा उंच व्हायचा थांबला, आणि मग हळूहळू दूर जायला लागला.

भानावर आलो तेव्हा दहा वाजले होते. दार खालून चांगलं दोन बोटं कमी झालं होतं. बसवायला गेलो तर बिजागऱ्यांचे गंजलेले स्क्रू हातातच तुटले, आणि चौकटीतली भोकं इतकी सैल झाली होती की त्यांत माझी करंगळी जाईल. भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून सरस भरला. सरस वाळायला संध्याकाळ होणार.

"बाबा, दार कुठंय?" सूनबाई केस पुसत बाहेर आली.

"आहे. भिंतीला टेकलंय."

"अकराला परीक्षा आहे!"

"दार बंद दिसलं पाहिजे, एवढंच ना? दिसेल."

"आता तुम्हीच काय ते निस्तरा," असं म्हणून ही खाली जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. दूधवाल्याने किंवा पोस्टमनने घंटा वाजवू नये, हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

मी दार चौकटीत उभं केलं आणि खाली दोन पाचरी मारल्या. पण दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे त्याला कुणीतरी बाहेरून सतत ओढून धरायला हवं. मग मी मुठीला दोरी बांधली, ती माझ्या कमरेला गुंडाळून पक्की गाठ मारली, आणि स्टूल घेऊन मागे झुकून बसलो. म्हातारा हेच वजन! अशी अक्कल शाळेत शिकवत नाहीत, असं तेव्हा वाटलं. (अजूनही वाटतं. फक्त आता त्याचं कारण कळलंय.)

परीक्षा सुरू झाली. ऐकणं झालं, वाचणं झालं, लिहिण्याची टकटक झाली. दोन तास मी ताठ होतो. मग बोलणं सुरू झालं. आतून सूनबाईचा आवाज यायला लागला, सपाट, पाठ केलेला. एक शब्द मला कळत नव्हता, पण तो पापुद्रा मला बाहेरून ऐकू येत होता. पोरी, असं नको बोलूस, असं मनात म्हणता म्हणता डोळे जड झाले.

आणि बघतो तर काय, दार पाण्यावर तरंगतंय. मोठं निळं पाणी, लाटा मऊ, रंध्यातून निघालेल्या पट्ट्यांसारख्या. दारावर सूनबाई मांडी घालून बसलीय आणि माशांशी इंग्रजीत बोलतेय. मासे माना डोलावताहेत. मी काठावर दोरी धरून उभा. पलीकडच्या काठावर मुलगा हात हलवतोय. "बाबा, सोडा आता," सूनबाई म्हणाली. मला सोडवेना. पण ती हसली, तशी मी दोन पावलं पुढे झालो आणि दोरी सैल सोडली.

धाडकन्!

झोपेत मी खरंच पुढे कलंडलो होतो. दोरी सैल पडली, दार आत आडवं झालं आणि गाठ पक्की असल्यामुळे जाताना मलाही घेऊन गेलं. डोळे उघडले तेव्हा मी दारावर पालथा, आणि समोर कॉम्प्युटरमध्ये कानाला यंत्र लावलेली एक गोरी बाई तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होती.

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिसरी परीक्षा, महिन्याची मुदत, हॉस्पिटल, माझा मुलगा, सगळं माझ्यासकट त्या दारावर आडवं पडलं होतं. आणि मग ती बोलायला लागली. अशी बोलली, अशी बोलली! हात नाचवत होती, मला दाखवत होती, दोरी उचलून दाखवत होती. मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले. पाठ केलेलं त्यात काहीच नव्हतं. माझ्या दारासकट पडण्याचं उत्तर कोण पाठ करून ठेवणार?

बाईने काहीतरी विचारलं, आणि सूनबाई माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही मला मदत करायला आला होता का, ते त्यांना बघायचंय. त्या तुमच्याशी थेट बोलणार आहेत. तुम्हाला अर्थ सांगायची मला मनाई आहे."

बाई माझ्याशी सावकाश, गोड आवाजात दोन वाक्यं बोलल्या. मी दारावरच उठून बसलो, हात जोडले आणि माझं सगळं इंग्रजी एकदम काढलं. "येस, येस. थँक यू, थँक यू!"

बाई एवढं हसल्या की कानातलं यंत्र निसटलं. मग कुणाशीतरी बोलून आल्या आणि परीक्षा पुढे चालू झाली. मला मात्र दारासकट बाहेर जायला सांगितलं.

दहा दिवसांनी निकाल आला. बोलण्यात आठ. सूनबाईने मला वाकून नमस्कार केला, आणि ही म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काम पडून उपयोगी पडलं."

आता सूनबाई तिकडे आहे. खोली रिकामी असते. दार मी पुन्हा बसवलं. ते अजिबात करकरत नाही, आणि दुपारी कधीकधी मला ते थोडं करकरावं असं वाटतं.

परवा फोनवर मी तिला म्हटलं, "सूनबाई, एवढं सांगून टाक. त्या बाईंनी मला काय विचारलं होतं?"

ती बराच वेळ हसत होती.

"नको बाबा, राहू दे."

"सांग ग."

"त्या म्हणाल्या, 'आजोबा, लागलं तर नाही ना? आणि हे दार बसवायला एखादा चांगला सुतार का बोलवत नाही?'"