एका गुणाचा मुक्काम

तासगावच्या कॉलेजच्या मुलींनी हंगामातला पहिलाच बास्केटबॉलचा सामना विट्याच्या मुलींविरुद्ध एका गुणाने जिंकला, आणि तो एक गुण नियमाप्रमाणे अर्पिता म्हेत्रेच्या घरी मुक्कामाला आला.

नियमात न समजण्यासारखं काही नाही. वीस-पंचवीस गुणांनी सामना जिंकला, तर ते गुण कॉलेजच्या जिमखान्यात जुन्या गाद्यांवर ठेवून देतात. ते एकमेकांच्या सोबतीने राहतात, त्यांच्याकडे कुणाला बघावं लागत नाही. एकटा गुण मात्र जिमखान्यात टिकत नाही. बाहेरून कुलूप लागलं की तो खंगायला लागतो. म्हणून ज्या खेळाडूने तो मिळवला तिच्या घरी त्याला ठेवायचं, आणि विभागीय क्रीडा समितीचे निरीक्षक तपासणीला येईपर्यंत सांभाळायचं. तपासणीत तो बरोबर एक भरला तर विजय कायम. कमी भरला किंवा जास्त भरला, तर सामना पुन्हा.

अर्पिता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. संघातही होती, म्हणजे संघाच्या बाकावर होती. त्या दिवशी दोघी पाच फाऊल होऊन बाहेर गेल्या, तिसरीचा पाय मुरगळला, आणि प्रशिक्षक शिरतोडे सरांनी बाकाकडे पाहिलं तर तिथे ही एकटीच उरलेली. तिला घ्यावंच लागलं. सामना बरोबरीत होता आणि संपतच आला होता. अर्पिता बास्केटखाली घुसली आणि विट्याची कर्णधार नाझनीन मुलाणी हिचा हात तिच्या मनगटावर बसला. पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. पहिला इतका आखूड पडला की रिंगलाही लागला नाही, आणि सगळं मैदान हसलं. दुसरा पडला.

हे कॉलेज गेली चार वर्षं पहिल्याच सामन्यात हरून घरी येत होतं. हरला तो बाहेर, अशी ही स्पर्धा. त्यामुळे पोरी नाचल्या, शिरतोडे सरांनी डोळे पुसले आणि गुण टॉवेलात गुंडाळून अर्पिताच्या हातात दिला.

"उन्हात ठेवायचा नाही," सर म्हणाले. "पाण्यापासून जपायचा. बाकी घरातल्यासारखा."

गुण बाजरीच्या पिठाच्या गोळ्याएवढा होता. हाताला उबदार लागायचा. रंग म्हणाल तर कुठलाच नव्हता. अर्पिताच्या आईने, मालनबाईंनी, दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग टॉवेल उघडून पाहिला.

"एकटंच आलंय व्हय गं? जोडीला कोण न्हाई?"

"न्हाई," अर्पिता म्हणाली. जोडीला कोण यायचं राहिलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

घराच्या पुढच्या अंगाला तिच्या वडिलांची, म्हणजे आबांची, पिठाची गिरणी आहे. सामन्याच्या दिवशी नेमका गिरणीचा पट्टा तुटला, त्यामुळे आबांना मैदानावर जाता आलं नव्हतं. त्यामुळेच त्यांना सामना फार स्वच्छ दिसला होता. अर्पिता घरी पोचायच्या आत त्यांचा तो दळणाला आलेल्या दोघांना सांगून झालेला होता. दुपारी घरात कुणी नसायचं, गुणाला एकटं कसं ठेवायचं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते त्याला गिरणीत घेऊन बसायला लागले. उशाची उशी गल्ल्याशेजारी, उशीवर गुण, आणि समोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया. आबांना आणखी काय पाहिजे होतं?

"घड्याळात एक सेकंद," आबा मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून सांगत. "आख्खं कॉलेज उभं. विट्याच्या पोरी म्हंजे ताडासारख्या. आन् आमच्या पोरीनं एकदाच हात उचलला. एकदाच! दुसरा चान्सच न्हवता बघा!"

अर्पिता दारात उभी राहून ऐकायची. बाकावरच्या पोरीचा बाप म्हणून आबा आजवर कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसले होते. आता लोक आपणहून दळण टाकायला येत होते, दळायला काही नसलं तरी. तिला त्यांचं तोंड बंद करवेना.

मालनबाईंनी एका संध्याकाळी गुण उचलला आणि त्यांना तो जड लागला. त्यांनी तो गिरणीच्या काट्यावर ठेवला. काटा पिठाचं वजन किलोत दाखवतो आणि गुणाचं गुणात, त्यात काही विशेष नाही. काटा सव्वावर थांबला.

"काय खायला घातलंसा त्याला?" त्यांनी विचारलं.

"शपथेवर सांगतो, कायबी न्हाई," आबा म्हणाले. "नुसता ऐकत बसतोय."

अर्पिताने शिरतोडे सरांना फोन लावला. सरांना नवल वाटलं नाही. "हे होतंच," ते म्हणाले. "जिंकलेल्याच्या घरी गुण सांगून सांगून सुजतो. हरलेल्याच्या तोंडून ऐकला की वाळतो. म्हणून तर हरलेल्या कर्णधाराला भेटीचा हक्क दिलाय. तिला बोलाव. आणि वडिलांना आवर."

आबांनी स्वतःला आवरायचा मनापासून प्रयत्न केला. एक अख्खी सकाळ ते दातावर दात ठेवून बसले. पण ज्वारी घेऊन आलेल्या एका बाईने आपणहून विचारलं, "ते म्याचचं काय झालं वो?" आणि आबांचा बांध फुटला. त्या दिवशी विट्याच्या पोरी ताडाहून उंच झाल्या.

नाझनीन मुलाणी एसटीने आली. ताडासारखी वगैरे नव्हती, अर्पितापेक्षा चार बोटं उंच असेल. मालनबाईंनी तिला आधी धपाटी आणि दही वाढलं, दुसऱ्यांदा वाढलं, आणि मगच गुण तिच्या मांडीवर दिला. हरल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण हात हलके होते. तिने गुणाला ओढणीच्या पदराखाली घेतलं.

"पंचांचं ध्यान कुठं हुतं कुणास ठावं," ती म्हणाली. "माझा हात लागलाच न्हवता. आमच्यावर अन्याय झाला काकू, सरळसरळ अन्याय."

गुण तिच्या मांडीवर बघता बघता उतरला. सव्वाचा एक झाला. मालनबाई खूश झाल्या, पण नाझनीनचं काही संपलं नव्हतं. मैदान कसं उताराचं होतं, बॉलमध्ये हवा कशी कमी होती, हे सांगून होईपर्यंत गुण पाऊणवर आला.

"अगं बाई, वाळलं की लेकरू!" मालनबाई ओरडल्या. "अहो, ऐकलं का? जरा इकडं या आन् म्याच सांगा!"

आबा पिठाचे हात झटकत धावत आले.

मग तो रोजचाच कारभार झाला. नाझनीन आली की गुण पाऊण, आबांनी हातात घेतला की सव्वा. मधे एकावर तो कधी थांबतच नव्हता, नुसता जाता-येता तिथून जायचा. नाझनीन मात्र रोज यायची. तिला भेटीचा हक्क होता, धपाटी होती, आणि गुणाची तिला सवय लागली होती. एका दिवशी येताना ती त्याच्यासाठी मऊ फडकं घेऊन आली, विट्याच्या बाजारातलं.

एकदा अर्पिता तिला स्टँडवर सोडायला गेली.

"तुझ्या आबांना पहिला थ्रो म्हाईतच न्हाई?" नाझनीनने विचारलं.

"न्हाई."

"मग सांग की."

"कसं सांगू? माझ्याबद्दल कधी कुणी त्यांना काय विचारलं न्हवतं. आत्ता लोक विचारत्यात, तर त्यांचं तोंड बघ कसं झालंय. त्यात मी म्हणू, सगळं मैदान मला हसलं?"

नाझनीनने खांदे उडवले. "मला काय. पुन्हा खेळलो तर आम्हीच जिंकणार." पण एसटी सुटताना तिने खिडकीतून हात केला.

तपासणीच्या सकाळी निरीक्षक हेर्लेकर जीपमधून आले. त्यांनी स्वतःचा काटा आणला होता. नियमाप्रमाणे दोन्ही संघांची एकेक खेळाडू हजर पाहिजे, म्हणून नाझनीनही आली होती आणि ताटली घेऊन ओसरीवर बसली होती. आबांनी मात्र आनंदाच्या भरात गिरणी लवकर उघडली होती आणि साहेब यायच्या आत सगळ्या गल्लीला सामना सांगून झाला होता.

हेर्लेकरांनी गुण काट्यावर ठेवला आणि चष्मा लावला. "सव्वा," ते म्हणाले. "सामना पुन्हा घ्यावा लागेल."

"अहो साहेब, थोडं वरकड असायचंच की," मालनबाई म्हणाल्या. "घरात राहिलंय ते."

"ताई, ही भाजी नाही. गुणात वरकड चालत नाही." हेर्लेकर वाईट नव्हते. त्यांनी अर्पिताकडे पाहिलं आणि जरा थांबले. "गुण काट्यावर असताना निवेदन करता येतं. त्यात फरक पडला तर मी तो धरतो. पण निवेदन खेळलेल्यांनीच करायचं."

"मी सांगतो!" आबा पुढे झाले.

"आपण मैदानावर होता?"

"पट्टा तुटला हुता."

"मग नाही."

सगळे अर्पिताकडे बघायला लागले. अर्पिता आबांकडे बघत होती. आबा हसत होते, मान हलवत होते, आता ही सांगेल आणि आपण ऐकू, असा त्यांचा चेहरा झाला होता. संघातल्या बाकीच्या पोरी कॉलेजात वाट बघत बसल्या होत्या. पुन्हा सामना झाला तर पुन्हा हरायची पाळी होती, आणि ती तिच्या घरातून आलेली.

"दोन थ्रो होते, आबा," ती म्हणाली. "एक न्हवता. पहिला चुकला. रिंगलाबी लागला न्हाई. सगळे हसले."

काटा खाली यायला लागला. आबांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"माझं पाय कापत हुते. सरांनी मला घेतलं, कारण बाकावर दुसरं कोणच न्हवतं. आन् दुसरा पडला तोबी नशिबानं. मी काय केलं न्हाई. रिंगवर फिरला आन् आपला आपण पडला."

"सावकाश," हेर्लेकर म्हणाले. काटा एकावर आला, आणि एक ओलांडून खाली चालला. "घटतोय. एकच्या खाली चाललाय. आणखी कुणाला निवेदन करायचं आहे?"

नाझनीनच्या हातात धपाट्याचा तुकडा होता. तिने नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं. ती गप्प राहिली असती तर विट्याच्या पोरी पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळल्या असत्या. तिने तुकडा ताटलीत ठेवला.

"नशिबानं न्हाई, साहेब," ती चिडून म्हणाली. कुणावर चिडली होती कळत नव्हतं. "मी हिच्या बाजूला लाईनीवर उभी हुते. पहिला चुकल्यावर सगळे हसले. मीबी हसले. एवढं हसल्यावर माझ्या हातनं दुसरा पडला नसता. हिनं बॉल दोनदा आपटला, गुडघं वाकवलं आन् नीट टाकला. हिच्या हातानं पडला तो. आन् फाऊल खरा हुता. माझा हात लागला हुता."

काटा वर आला आणि थांबला. हेर्लेकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"एक," ते म्हणाले. "विजय कायम."

नाझनीनने मान खाली घातली. मालनबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. तिचा हंगाम संपला होता आणि तिला रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं.

आबा मात्र अजून अर्पितासमोर उभे होते.

"रिंगलाबी लागला न्हाई?"

"न्हाई, आबा."

"आन् समदी हसली?"

"हसली."

"एवढी माणसं हसत असताना," आबांचा आवाज चिरकला, "तू दुसरा टाकलास, पोरी?"

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आजवर जो सामना सांगितला होता तो या सामन्यापुढे काहीच नव्हता, हे त्यांना आत्ता कळत होतं. काट्यावरचा गुण थरथरला आणि काटा वर सरकायला लागला. हेर्लेकरांनी झडप घालून गुण उचलला, पेटीत टाकला आणि कडी लावली.

"म्हेत्रे," ते म्हणाले, "कृपा करून माझी गाडी वळेपर्यंत काही बोलू नका."

आबा रस्त्यावर येऊन उभे राहिले. दोन्ही ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी चाललेलं. अर्पिता त्यांचा हात धरून उभी होती. जीप धूळ उडवत गेली आणि कोपऱ्यावर वळली.

आबा तसेच गिरणीत गेले. दळण घेऊन एक बाई थांबलीच होती. त्यांनी मोटार बंद केली, म्हणजे ऐकू येईल.

"तर काय झालं," आबा म्हणाले, "पहिला थ्रो पोरीचा चुकला..."

"आधी फाऊल सांगा, काका," नाझनीन डोळे पुसत ओसरीवरून म्हणाली.

आबांनी मान डोलावली आणि फाऊलपासून सुरुवात केली.