साहेबांच्या जीपला धक्का

हसनाबादपलीकडच्या वाडीत पौषातली थंडी अशी पडली होती की दुसरीच्या पोरांना पेन्सिल धरवेना. म्हणून देवानंद गुरुजींनी वर्ग उन्हात आणला आणि ढकलणं-ओढणं शिकवायला घेतलं. पोरं एकमेकांना ढकलून, पोत्यावर बसवून ओढून चांगली गरम झाली.

"ध्यानात ठेवा," गुरुजी म्हणाले, "समोर असंल ते ढकलायचं, मागं असंल ते ओढायचं."

एवढ्यात तपासणीची जीप शाळेसमोर आली आणि खोकून बंद पडली. गुरुजींनी घाईनं टोपी सरळ केली. वर्गाचे पाढे पाचाच्या पुढं सरकले नव्हते.

मफलरमधून रामराव साहेबांचं नाक बाहेर आलं. "पोरं बाहेर काय करून राह्यलीत?"

"ढकलणं-ओढणं शिकवतोय, साहेब."

"बराबर! मंग आधी जीपच ढकला. दुपारी हुरड्याला जायचंय मला." साहेब थंडीमुळे आतच बसून राहिले.

गुरुजींनी अर्धी पोरं मागं लावली. पुढच्यांच्या हातात जीपला बांधलेला दोर दिला. पुढच्यांनी तोंड जीपकडं केलं, दोर टाकला आणि तीही ढकलू लागली. जीप जागची हलेना.

"अरे, ढकलता काय?"

"जीप समोर हाय ना, गुरुजी!" बेबीनंदा म्हणाली.

"ओढा म्हणतो ना! ओढा!"

आता पुढच्यांनी दोर ओढला. मागच्यांनीही गुरुजींचं ऐकून जीपच्या मागं टांगलेलं जादा चाक धरून ओढलं. मागं उतार होता. जीप उलटी निघाली, पोरं उड्या मारून बाजूला झाली. ड्रायव्हर बद्रीनाथनं घाबरून उलटा गिअर टाकला, आणि जीप थेट शेजारच्या कचरूच्या कडब्याच्या गंजीत घुसली. त्या झटक्यानं मात्र इंजिन धडधडून सुरू झालं.

"माझी गंज!" कचरू धावत आला.

कडब्यातून साहेब हळूहळू दिसू लागले. आता बदली नक्की, असं समजून गुरुजी हात जोडून उभे राहिले.

"साहेब, वर्गात चलता का?"

"बिलकुल न्हाई! बद्रीनाथ, बंद करू नको रे!" साहेबांनी मिशीतला कडबा काढला. "तपासणी झाली, गुरुजी. पोरांना विषय समजलाय. चल जल्दी!"

जीप दिसेनाशी झाली. गुरुजी आणि वर्ग कडबा गोळा करू लागले. कचरू शेजारी उभा राहून पुटपुटत होता. त्याचं पुटपुटणं ऐकू येऊ नये म्हणून गुरुजींनी शिकवणं पुढं सुरू केलं.

"सांगा बरं, आज आपण काय ढकललं?"

"साहेबाला," बेबीनंदा उभी राहून म्हणाली.

कचरूनं पुटपुटणं थांबवलं. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बस खाली. बरोबर आहे."