निमखेड्यातलं नपुंसकलिंग

शाळेत फ्रेंच आणि स्पॅनिश सुरू झाल्यामुळे निमखेड्यातलं नपुंसकलिंग दिवाळीनंतर बंद करण्यात आलं होतं, आणि आता मोनालीच्या पोटातल्या बाळाचं काय करायचं यावरून ठकूआजीचं सहावीच्या वर्गात भांडण चाललं होतं.

“मी हलणार नाही,” ठकूआजी म्हणाली. “पाठ पुढं न्यायचा असेल तर आधी मला उचलून बाहेर ठेवा. बघू कोणाच्या कमरेत तेवढा जोर आहे.”

ती फळ्यापुढे उभी होती आणि फळ्यावरच्या ‘बाळ’ या शब्दावर तिनं तळहात दाबून धरला होता. शब्द पूर्ण झाकला गेला होता. सहावीची मुलं वह्या उघडून वाट बघत बसली होती. उजवीकडची रांग फ्रेंचची, डावीकडची स्पॅनिशची. दाराशी मोनाली उभी होती, ठकूआजीच्या मुलीची मुलगी, दिवस अगदी भरत आलेले. तिच्या शेजारी तिचे सासरे भास्करराव पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

“आजी, शांत व्हा,” मुख्याध्यापक देवरे म्हणाले. “ही भांडण वर्गात नको. आपण ऑफिसात बसून तिच्यावर मार्ग काढू.”

“ही भांडण?” ठकूआजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की पहिल्या बाकावरच्या पोरांनी मान खाली घातली. “अरे देवऱ्या, तुझा बाप माझ्या शेजारी राहायचा. तो भांडायचा तेव्हा ते भांडण असायचं आणि तीन गल्ल्यांना ऐकू जायचं. तुझ्या वाटेला ही भांडण आली होय? काढ मार्ग तिच्यावर. मी माझं भांडण घेऊन आले आहे आणि ते इथंच होणार.”

नपुंसकलिंग बंद करण्यामागं शाळेचा हेतू वाईट नव्हता. फ्रेंचमध्ये सगळी दुनिया ‘तो’ आणि ‘ती’ अशी दोनच घरांत राहते, स्पॅनिशमध्येही तसंच. नवशिक्या मुलांपुढं एखादी ‘ते’ असलेली वस्तू आली की मुलं अडायची, रडायची, पोटात दुखतं म्हणून घरी जायची. मुलांना त्रास देण्यापेक्षा वस्तूंना दिलेला बरा, असं शाळा समितीत ठरलं. तेव्हापासून रोज पाठात जे शब्द येत, ते निकालात निघत. उजवी रांग फ्रेंचमध्ये ओरडे, डावी स्पॅनिशमध्ये, आणि दोन्ही रांगांचं एकमत झालं की ती वस्तू त्या क्षणापासून गावभर तो किंवा ती होई. एकमत नाही झालं तर वस्तू होती तशी राही. दूध असं वाचलं होतं. फ्रेंचच्या रांगेनं त्याला पुरुष ठरवलं, स्पॅनिशच्या रांगेनं बाई, आणि दूध आपलं ते दूधच राहिलं. मीठ वाचलं. नाकही वाचलं.

बाकीच्यांचं नशीब तेवढं बरं नव्हतं. पाणी ती झाली. नळाखाली हंडा लावून “पाणी आलं का” असं विचारलं तर नळ कोरडा राही. “पाणी आली का” म्हटलं की लगेच धार लागे. पुस्तक तो झाला. घर ती झाली, आणि ज्यांना “माझी घर” म्हणायला जड गेलं त्यांची कुलपं उघडेनात. टेबल ती झाल्यावर तिला एसटीत अर्धं तिकीट मागायला लोकांनी सुरुवात केली, आणि कंडक्टरनं नियम बघून ते दिलं. लोक कुरकुरले, मग सवय झाली. ठकूआजीला झाली नाही. ती नळाला “आलं का”च विचारत राहिली आणि शेवटी शिवेबाहेरच्या विहिरीवर जायला लागली. त्या विहिरीपर्यंत शाळेची हद्द पोचत नव्हती. “तिथलं पाणी अजून शिकलेलं नाही,” असं ती सांगे, “म्हणून प्यायला बरं लागतं.”

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण मागच्या महिन्यात प्राण्यांचा पाठ झाला आणि वासरू तो ठरला. त्याच आठवड्यात सोनवण्यांची गाय व्यायला आली. गोठ्याच्या दाराशी सगळे नियमानं “वासरू आला का” विचारत उभे राहिले. पोटात कालवड होती. ती कशाला ओ देईल? मग कोणीतरी घाबरून “आली का” म्हणून पाहिलं, पण वासरू तो ठरलेला होता, त्याला आली लागू होईना. कालवड आतच राहिली आणि गाय गेली.

आणि आज पाठ होता ‘माझी कुटुंब’.

“सोनवण्यांच्या गाईबद्दल शाळेनं खेद व्यक्त केला आहे,” देवरे म्हणाले.

“गाईला कळवलंत का?”

“आजी, नियम सगळ्यांना सारखा असतो.”

“मग सांग. बाळाचं काय होणार ते तुझ्या तोंडानं सांग.”

देवऱ्यांनी फ्रेंचच्या उपासनी सरांकडे पाहिलं. उपासनी हे सडपातळ, सभ्य गृहस्थ होते आणि कोणालाही वाईट बातमी देताना आधी चष्मा पुसायचे. त्यांनी चष्मा पुसला. “फ्रेंचमध्ये ल बेबे. म्हणजे तो.”

“आणि स्पॅनिशमध्ये एल बेबे,” बागूल मॅडम म्हणाल्या. “तोच.”

“मुलगी असली तरी?”

“बाळ म्हणून तो,” उपासनी म्हणाले. “कळलं नसेल तर तो धरायचा. दोन्ही भाषांत तशीच पद्धत आहे.”

“कळलं नसेल तर तो!” ठकूआजी म्हणाली. “वा रे पद्धत! एवढ्या लांबून आणली, आगबोटीनं का विमानानं, आणि निघाली काय, तर आमच्याच घरातली! ही तर आमच्या सासूकडे फुकट मिळत होती.”

“पण यात वाईट काय आहे, मावशी?” भास्करराव पुढं झाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “शाळेनंच सांगितलं, तो. दोन नाती झाल्या, आता तो. आम्ही नावसुद्धा काढून ठेवलंय. तुम्ही उगाच शुभकार्यात आडव्या येताय. शिकलेली माणसं सांगताहेत तर ऐकावं. तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत.”

“नाही चढले. वाण्याच्या पुडीचे कागद सरळ करकरून मी वाचायला शिकले, भास्करराव. त्यामुळं मला एक पक्कं कळलंय. कागदावर काहीही छापलेलं असतं, आत हळदच निघते. तुमच्या पुड्यात तरी पेढेच आहेत ना? बघून घेतलेत का?”

डाव्या रांगेत कोणीतरी हसलं. बागूल मॅडमनी डोळे वटारले.

“आणि तू रे देवऱ्या,” ठकूआजीचा आवाज चढला, “तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर पाटी आहे. हाताएवढी अक्षरं. इथं पोटातल्या बाळाचं लिंगनिदान होत नाही, केलं तर तुरुंग. डॉक्टर घाबरतो, आणि तू अकरा वर्षांच्या पोरांकडून बाकावर बसवून करून घेतोस?”

“तो कायदा दवाखान्यांना आहे,” देवरे म्हणाले. “आम्ही निदान करत नाही, व्याकरण शिकवतो. तालुक्याला विचारून घेतलं आहे.”

“काय म्हणाला तालुका?”

“व्याकरणाला हरकत नाही म्हणाला.”

तेव्हा मोनाली दाराशी पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण वर्ग गप्प असल्यामुळं सगळ्यांना ऐकू आला. “सर, आत मुलगी असली तर तिनं यायचं कुठून? दारात सगळे ‘आला का’ म्हणत उभे राहतील.”

भास्करराव तिच्याकडे बघून म्हणाले, “असं अभद्र बोलू नये.”

“अभद्र ती बोलतेय?” ठकूआजी फळ्यावरचा हात न काढता निम्मी वळली. “मी पाच बाळंतपणं केली माझी आणि शेजारणींची किती केली ते मोजलं नाही. दाराबाहेरून एकच हाक यायची, बाळ आलं का? आलं म्हणताना आत कोण आहे ते कोणाला ठाऊक नसायचं, आणि त्या एका घटकेला कोणी तोंड वाकडंही करू शकत नव्हतं. त्या पोरीला जन्मात तेवढी एकच घटका फुकट मिळते. तीसुद्धा तुम्हाला काढून घ्यायची आहे, कारण तुमच्या पोरांना पाठांतराला सोपं जावं!”

बागूल मॅडम तरुण होत्या आणि मनानं चांगल्या. त्या टेबलाला वळसा घालून आल्या. “आजी, एक करता येईल. आज निकाल शब्दाचा आहे. पोटात जे आहे त्याला तुम्ही बाळ म्हणताय म्हणून ते आजच्या पाठात सापडतंय. दुसरा शब्द लावा. ज्या शब्दावर आमचं आणि उपासनी सरांचं एकमत नाही असा. मग त्या शब्दाखाली ते राहील तसंच.”

“तशी तरतूद आहे,” देवरे नाइलाजानं म्हणाले. “शब्द घरच्या मोठ्या माणसानं सांगायचा. वर्गापुढं. एकदाच लागू होतो, मग बदलत नाही.”

“मूल,” ठकूआजी म्हणाली.

दोन्ही रांगा ओरडल्या. दोन्ही तो.

“लेकरू.”

“तोच शब्द धरला जाईल, आजी,” उपासनी म्हणाले. “लेकरू, पोर, अपत्य, सगळं एकाच डब्यात.”

“गर्भ म्हणा,” मोनाली म्हणाली.

“तो मराठीतच तो आहे,” देवरे म्हणाले, आणि हे त्यांनी जरा समाधानानं म्हटलं.

बागूल मॅडम विचार करत होत्या. “ओझं म्हणता येईल. फ्रेंचमध्ये तो, स्पॅनिशमध्ये ती. लगेच मंजूर होईल. माझ्याकडे मीठही आहे, आजी. किंवा नाक. पोटात नाक आहे असं सांगितलं तर...”

“माझ्या नातीच्या पोटात ओझं?” ठकूआजी इतकी मोठ्यानं बोलली की शेजारच्या सातवीतलं पाठांतर थांबलं. “बाई, तू चांगल्या घरची दिसतेस म्हणून ऐकून घेते. मुलगी म्हणजे ओझं हे ऐकत म्हातारी झाले मी. ते पुसायला आयुष्य घातलं, आणि आता मीच माझ्या तोंडानं सांगू, वर्गापुढं, कायमचं? आणि मीठ! बारशाला काय चिमटीनं उचलून पाळण्यात टाकू?”

“मी फक्त सोय बघत होते,” बागूल मॅडम म्हणाल्या.

“सोयच बघताय सगळे. तिला सोडून सगळ्यांची.”

“वेळ जातोय,” देवरे म्हणाले. “घंटा होण्याआधी पाठ संपवणं बंधनकारक आहे. आजी, हात काढा. वर्ग, उभे राहा.”

वर्ग उभा राहिला. उजव्या रांगेत मोनालीची थोरली मुलगी ईश्वरी होती. तीही उभी राहिली, कारण न राहिल्यास गैरहजेरी लागत असे. तिनं ओठ घट्ट मिटले होते. भास्कररावांनी पुड्याचा दोरा सोडायला घेतला.

“आजी,” मोनाली म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली होती. “कळ आली. मघाशी एक येऊन गेली, आता ही दुसरी.”

भास्कररावांचा हात दोऱ्यावर थांबला. उपासनींनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरले. देवरे म्हणाले की रिक्षा बोलवायला हरकत नाही, परंतु निकाल आधी लागला तर गावच्या दवाखान्यात काय विचारायचं ते तरी स्पष्ट होईल.

ठकूआजी मोनालीकडे बघत होती. तिचं कपाळ, तिची हनुवटी, कळ आली की खालचा ओठ दातांत धरायची तिची पद्धत, जी तिच्या आईची होती, आणि आईच्या आईची, म्हणजे ठकूआजीची स्वतःची. मग तिनं फळ्यावरचा हात काढला. तळहात खडूनं पांढरा झाला होता. तो तिनं पदराला पुसला नाही, तसाच उपासनींपुढं धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मनगटावरची फुगलेली शीर दाबून दाखवली.

“यातून वाहतं त्याला काय म्हणतोस रे?”

“कशातून?”

“शिरेतून. रक्ताला काय म्हणतोस?”

उपासनींनी उत्तर द्यायच्या आत उजवी रांग सवयीनं ओरडली, “ल सां!” सगळ्यांत मोठा आवाज ईश्वरीचा होता.

“म्हणजे?”

“तो,” उपासनी म्हणाले.

ठकूआजीनं हात तसाच डावीकडे फिरवला. डावी रांग ओरडली, “ला सांग्रे!”

“ती,” बागूल मॅडम हळूच म्हणाल्या, आणि त्यांना हसू यायला लागलं.

देवरे एका रांगेकडून दुसरीकडे बघत राहिले. त्यांनी दोन्ही शिक्षकांना पुन्हा विचारलं. दोघांनी तेच सांगितलं. भास्कररावांनी विचारलं की याचा अर्थ काय, तेव्हा बागूल मॅडम म्हणाल्या, “एकमत नाही.” ठकूआजी बाकांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत गेली, मोनालीच्या खांद्याखाली हात घातला, तिचं वजन आपल्या अंगावर घेतलं आणि वर्गाकडे तोंड करून, शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मग सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका, माझ्या नातीच्या पोटात माझं रक्त आहे, आणि ते येईल तेव्हा दारात उभं राहून ‘आलं’ म्हणायचं.”