वाट पाहणाऱ्याचे नाव

काळवंडीचा घाट एकट्या वाहनचालकाला मुलाखत घेतल्याशिवाय उतरू देत नाही. गाडीत दोघे असतील तर तो मानही वर करत नाही. एकट्यांसाठी मात्र घाटमाथ्यावर जांभळाखाली टेबल टाकून बसतो. वेळ दहा ते पाच.

भाऊबीजेच्या दिवशी पाऊण वाजता मी त्याच्यासमोर उभा राहिलो. मी निर्धास्त होतो. कोल्हापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘एकट्याने लांबचा प्रवास : धोके आणि उपाय’ या विषयावर मी चार व्याख्यानं दिली आहेत. स्वतः मी एकट्याने कागलच्या पुढे गेलेलो नव्हतो, पण ते श्रोत्यांपैकी कुणी विचारलं नाही.

“स्टेपनी?” घाटाने विचारलं.

“हवा भरून आहे. जॅक, पाना, टॉर्च, दोरी, पाच लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी. एकूण एक्केचाळीस वस्तू. यादी जोडली आहे.”

त्याने यादी शेवटपर्यंत वाचली. “शिट्ट्या दोन कशाला?”

“एक हरवली तर.”

“चाक बदलता येतं?”

“व्याख्यानात सांगतो.”

त्याने काहीतरी टिपून घेतलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. “रकाना नऊ रिकामा आहे. पलीकडे वाट पाहणाऱ्याचे नाव.”

मी लिहिलं : शालन, थोरली बहीण. घाट उतरल्यावर पहिलं कौलारू घर.

घाटाने रजिस्टर चाळलं. “सहा वर्षं यांची नोंद आहे. दर भाऊबीजेला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. या वर्षी नाही. त्या वाट पाहत नाहीत.”

सहा वर्षं मी ताईला ‘येतो’ म्हणून फोन केला आणि सहाही वर्षं गेलो नाही. एकदा स्टेपनीत हवा कमी होती, एकदा धुकं होतं, एकदा वायपरचं रबर गेलं. ती नुसतं ‘बरं’ म्हणायची. या वर्षी उगाच तिला आशेला लावू नये म्हणून मी कळवलंच नव्हतं. आपण किती समंजस आहोत, असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. हे सगळं मी घाटाला सांगितलं.

“वायपरचं रबर? पाऊस होता?”

“नव्हता.”

“मग?”

“मला तुमची भीती वाटते,” मी म्हणालो.

त्याने तेही लिहून घेतलं. “भीतीला हरकत नाही. पण वाट पाहणारं कुणी नसेल तर वळणं देता येत नाहीत. आणि वाट पाहणं मधेच थांबलं तर पुढची वळणं मिळत नाहीत, गाडी परत इथे येते. फोन करून बघा.”

मी फोन लावला.

“ताई, मी घाटमाथ्यावर आहे. तू माझी वाट पाहतेस का?”

“नाही.”

“पाहशील का? फॉर्मवर लागतंय.”

“सहा वर्षं तुझ्या करंज्या शेजाऱ्यांनी खाल्ल्या, मुकुंदा. आलास तर दिसशीलच की.”

“आधी वाट पाहावी लागते, ताई. नियम आहे.”

मागे कुकरची शिट्टी झाली. “साडेतीनपर्यंत पाहते,” ती म्हणाली. “त्याच्या पुढे एक मिनिट नाही. दार लावून झोपणार मी.”

घाटाने फॉर्मवर साडेतीन लिहिलं, शिक्का उचलला, घड्याळ पाहिलं आणि शिक्का खाली ठेवला. एक वाजला होता. डबा घेऊन तो जांभळामागे गेला.

घाट जेवायला गेला की तेवढा वेळ समोर सपाट माळ असतो. पलीकडे ताईच्या घराची कौलं दिसत होती, दोरीवर वाळत घातलेली साडीही. पाच मिनिटांचा रस्ता. पण जेवणाच्या सुट्टीत माळ ओलांडण्यास मनाई आहे, तशी पाटी आहे. मी ती पाटी तासभर वाचली.

दोन वाजता शिक्का बसला. “वळणं चौदा,” घाट म्हणाला. “सावकाश जा. पण फार नको.”

व्याख्यानात सांगतो त्याप्रमाणे मी दर वळणावर थांबून चारही चाकं तपासली आणि घोटभर पाणी प्यायलो. त्यामुळे साडेतीन वाजले तेव्हा मी नवव्या वळणावर होतो. गाडी कडेला घेऊन बसून राहिलो. पुढे नुसती झाडी होती. एक्केचाळीस वस्तूंपैकी एकही कामाची नव्हती, दोन्ही शिट्ट्या धरून. पाच मिनिटं गेली. परत माथ्यावर जायचं तर जाऊ, असं म्हणून मी पहिला गिअर टाकला.

दहावं वळण आलं. मग अकरावं. चाकं तपासायला मी पुन्हा थांबलो नाही. चौदावं वळण आलं तेव्हा चार वाजत आले होते.

तिथे रस्त्यावरच रांगोळी होती. ताईच्या उंबऱ्यापासून निघून, अंगण आणि फाटक ओलांडून ती थेट वळणापर्यंत आली होती. टोकाशी ताई उकिडवी बसली होती, हातात डबा. मी ब्रेक दाबला.

“वाट पाहत नव्हते,” ती मान वर न करता म्हणाली. “रांगोळी काढत होते. डबा संपेना.”

तिने ओवाळलं. करंज्या होत्याच. मग मी घाटाला फोन करून पोचल्याचं कळवलं.

“नोंद घेतली,” तो म्हणाला. “परतीच्या फॉर्मवरही रकाना नऊ आहे, बघून ठेवा.”

कोल्हापुरात माझी वाट पाहणारं कुणी नाही. तसं मी ताईला सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली आणि आतून गादी आणून घातली.

याला आता आठ महिने झाले.