तळं चुकीच्या जागी

एका जंगलात, मुलांनो, गोल्फ शिरला. आधी हरणांचं कुरण गेलं, मग सशांची बिळं गेली. एक बीळ मात्र शिल्लक ठेवलं. चेंडू कुठेतरी जायला हवा ना!

सिंहमहाराज रोज सकाळी खेळायला येत. काठी मोठ्या झोकात उचलत, जोरात फिरवत आणि चेंडू उतारावरून गडगडत तळ्यात पडे. डुबुक! सगळे टाळ्या वाजवत.

"फटका अचूक होता, महाराज," कोल्हा म्हणे. हा तिथला क्रीडामंत्री. "तळंच चुकीच्या जागी आहे."

महिनाभर हे ऐकल्यावर महाराजांना ते पटलं. पौर्णिमेला शेजारच्या जंगलातला वाघ खेळायला येणार होता. तोवर चेंडू तळ्यात पडायचा थांबला नाही तर तळं बुजवा, असा हुकूम सुटला.

तळ्याकाठी धवलपंत नावाचा बगळा राहायचा. घरट्यात तीन पिल्लं आणि तिघांचा घास त्या तळ्यात.

पण बगळ्याला एक गोष्ट छान येते. मान न हलवता बघत राहणं. त्यामुळे महाराजांची चूक त्याला पहिल्याच दिवशी दिसली होती. काठी चेंडूला लागायच्या आतच महाराज मान वर करायचे. चेंडू कुठे गेला ते बघायला नव्हे हं! टाळ्या कोण वाजवतंय आणि कोण नाही, ते बघायला. मान वर गेली की खांदे वर जात, खांद्यांबरोबर काठी वर जाई आणि ती चेंडूला नुसती वरून चाटून जाई.

एका सकाळी दरबारी मंडळी यायच्या आत धवलपंत महाराजांसमोर जाऊन उभा राहिला.

"अभय असेल तर बोलतो, महाराज. जरा मान खाली ठेवा. काठी पुढे निघून जाईपर्यंत नजर चेंडू होता तिथेच."

"मान खाली? आम्ही?"

"एवढ्या एका फटक्यापुरती, महाराज."

महाराज गुरगुरले, पण ऐकलं. दरबार जमल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि काठी फिरवली. ठक्! चेंडू उडाला, तळं ओलांडून गेला आणि दोन टप्पे घेऊन बिळात शिरला.

एक टाळी वाजली नाही.

महाराजांनी वर बघितलं. सगळा दरबार जमिनीला नाक लावून उभा होता.

"महाराजांची मान खाली असेल तेव्हा प्रजेची त्याहून खाली हवी, असा नियम आहे," कोल्हा म्हणाला. "आम्ही गवत बघत होतो."

"म्हणजे कुणीच पाहिला नाही?" महाराजांचा आवाज चिरकला. आयुष्यातला पहिला सरळ फटका आणि साक्षीला गवत! खरं सांगतो, मुलांनो, मलासुद्धा वाईट वाटलं.

धवलपंताला तर राहवलंच नाही. तळं वाचलं या आनंदात तो बोलून गेला, "मी पाहिला, महाराज! तळ्यावरून गेला, दोन टप्पे आणि थेट बिळात!"

महाराजांचा चेहरा खुलला.

"म्हणजे," कोल्ह्याने हळूच विचारलं, "महाराजांची मान खाली होती, तेव्हा पंतांची वर होती?"

नियम मोडल्याची शिक्षा म्हणून दुपारीच रानरेडे माती घेऊन आले. संध्याकाळपर्यंत तळं सपाट झालं.

पौर्णिमेला वाघ आला. तोही मान वर करूनच खेळला. दोघांनाही भरपूर टाळ्या मिळाल्या.

बुजवलेल्या तळ्यावर आता नवं बीळ खणलंय. त्याच्या शेजारी झेंडा म्हणून धवलपंत उभा असतो, एका पायावर, मान खाली घालून. पिल्लांचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. महाराजांचा चेंडू अधूनमधून धवलपंताच्या बरगडीत बसतो. सगळे टाळ्या वाजवतात.

"फटका अचूक होता, महाराज," कोल्हा म्हणतो. "झेंडाच चुकीच्या जागी आहे."

तात्पर्य: फटका सुधारायचा असेल तर मान खाली ठेवावी. मारणाऱ्याने नव्हे, बघणाऱ्यांनी.