नगाऱ्याखाली दडलेली चिंगी

श्री. शब्द देणारीस नमन, आणि शब्द ऐकून घेणाऱ्या कानांस दोनदा नमन. लहानांनी मोठ्याने वाचावी आणि मोठ्यांनी हळू वाचावी ऐसी ही हकीकत. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत एका राज्यी जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव कागदावर उरले नाही, रिवाज तेवढा उरला. तो ऐसा की, दसऱ्याच्या दरबारी शाळेच्या मुलांनी भीमराण्याची कविता म्हणावी, आणि पहिले कडवे सरताच नगारा झडावा. कविता गमतीची, मुलांनी हसावे म्हणून कोणा जुन्या माणसाने रचलेली. पहिले कडवे हे:

वाघ मारिले वीस मी, अस्वले मारिली सात,
हत्ती धरुनी फिरविला गरगर डाव्या हातात,
मिशीस माझ्या पीळ पाहुनी सूर्य लपे ढगात,
ऐसा गडी मी भीमराणा एकच साऱ्या जगात!

शेवटच्या ओळीस मुले इतकी ओरडत की खांबांवरचे पारवे उडत, आणि मग नगारा झडे, आणि मग सरदार मंडळी मिशांवरून हात फिरवीत, आणि कवितेची पुढली कडवी नगाऱ्याखाली जात. मुले तेव्हा नुसते ओठ हलवीत, कारण ऐकणार कोण. ऐसी तीस वर्षे गेली. दरबारास वाटे कविता एवढीच आहे, आणि सरदार हैबतराव, ज्यांचा आवाज राज्यात सर्वांत मोठा, त्यांस तर वाटे की ही आपल्याच घराण्याची स्तुती आहे. त्या वर्षी प्रतिपदेस हैबतराव दरबारी उभे राहून बोलिले, "महाराज, शाळेत मुले शिकतात काय? ओरडायला. ते नगारखान्यात अधिक चांगले शिकतील. पंतोजी म्हातारे झाले, त्यांना आता आराम द्यावा." महाराज विचारी होते, परंतु मोठ्या आवाजापुढे विचार सुचण्यास त्यांस वेळ लागे. आज्ञा जाहली की, दसऱ्यास एका मुलाने कवितेचा अर्थ दरबारी सांगावा. सांगितला तर शाळा राहील, न सांगितला तर शाळा मोडून मुले नगारखान्याकडे द्यावी.

पंतोजी म्हणजे निंबाजीपंत. वय सत्तरीच्या पलीकडे, गुडघे दुखरे, आणि देवळाबाजूच्या चिंचेखालची ती शाळा हेच त्यांचे घरदार. आज्ञा ऐकून ते घाबरले, ही गोष्ट खरी. घरी न जाता ते थेट चिंचेखाली आले आणि धूळपाटीवरची धूळ सारखी करीत बसले. तेथे त्यांचा जुना स्नेही सटवाजी नगारची आला आणि म्हणाला, "पंत, एवढं काय मनाला लावून घेता? चार वाक्यं लिहून द्या, पोरगं पाठ करील, दरबार मान डोलवील, झालं." निंबाजीपंत म्हणाले, "पाठ केलेला अर्थ तुझ्या पहिल्या टिपरीला पळून जाईल, सटवाजी. तीस वर्षं कविता तोंडात घातली आणि डोक्यात गेली की नाही ते पाहिलं नाही, ही चूक माझी. नऊ दिवस आहेत. समजेल तर समजेल, पण सांगणार नाही." सटवाजी म्हणाला, "आणि नाही समजलं तर?" पंत म्हणाले, "तर तू त्यांना नगारा नीट शिकव. बोटं सांभाळा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पंतांनी मुलांस विचारिले की या कवितेत शूर कोण. मुले एका आवाजात ओरडली, "भीमराणा." सर्वांत मोठा आवाज मानाजीचा. हा हैबतरावांचा मुलगा, वय दहा, जो मोठ्याने बोलेल तो पुढे बसे म्हणून सदा पुढल्या पाटावर बसणारा. पंतांनी बरे म्हणून उरलेली कडवी हळू म्हणवून घेतली, ती ऐसी:

इतक्यात घुसला दारामधुनी एडका एक घरात,
भीमराणा चढला आढ्यावर, घाम फुटे अंगात.

पाळण्यातल्या बाळापुढती चिंगी उभी राहिली,
गुडघे कापत, ओठ चावत शिंगे तिने धरिली,
"भ्याले ग बाई, भ्याले" म्हणत वाट बाहेर दाविली,
दार लावुनी कोपऱ्यात मग पोटभर ती रडली.

पंतांनी पुन्हा विचारिले, "आता सांगा, शूर कोण?" मुले पुन्हा म्हणाली, "भीमराणा." कुंभाराची येसू म्हणाली, "पंतोजी, चिंगी तर भ्याली. कवितेतच लिहिलंय. भ्याली ती शूर कशी?" मानाजी म्हणाला, "आणि रडली पण. भीमराणा वर गेला तो वरून उडी घालायला. युद्धात उंच जागा धरतात, आबासाहेब सांगतात." पंतांनी विचारिले, "मग उडी घातली का?" मानाजी म्हणाला, "ते कवीनं लिहायचं राहिलं असेल." मुले हसली आणि पंतही हसले, परंतु उत्तर दिले नाही. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी धुळीवर घर काढिले आणि चिंचोके मांडून एक चिंचोका भीमराणा, एक चिंगी, एक एडका, एक बाळ ऐसे केले, आणि कोण कोठे आहे ते मुलांकडून सरकवून घेतले. चौथ्या दिवशी तेच केले, आणि पाचव्या दिवशीही तेच केले. मुले चिंचोके खाऊ लागली, तेव्हा नवे चिंचोके आणविले. सातव्या दिवशी हैबतरावांचा निरोप आला की पंतांनी उगाच श्रम घेऊ नयेत. पंतांनी उलट निरोप दिला की श्रमाची सवय आहे.

आठव्या दिवशी पंत घोंगडी पांघरून आले आणि म्हणाले, "आज मी एडका." मग सुपात कापडाचे बाळ करून ठेविले, येसू चिंगी जाहली, आणि भीमराणा होण्यास मानाजी पुढे सरसावला. त्याने पहिले कडवे ऐसे गर्जून म्हटले की देवळातला गुरव बाहेर डोकावला. मग निंबाजीपंत दुखरे गुडघे टेकून बें बें करीत निघाले आणि मुले खदखदा हसली. कवितेत तसे आहे म्हणून मानाजी चिंचेच्या फांदीवर चढला. येसू सुपापुढे उभी राहिली. घोंगडी खरीच अंगावर येताना पाहून तिचे हसणे थांबले आणि पाय मागे गेला, परंतु मागे सूप होते, म्हणून तो पुन्हा पुढे आला, आणि तिने घोंगडीची दोन टोके घट्ट धरिली. सगळे ओरडत होते. वर मात्र काहीच आवाज नव्हता. पंतांनी घोंगडीतून मान वर करून विचारिले, "का रे भीमराण्या, गप्प का?" मानाजी म्हणाला, "पंतोजी, इथून बाळ दिसतं." पंत म्हणाले, "मग?" मानाजीने फांदीवरून खाली हात लांब केला आणि म्हणाला, "दिसतं, पण हात पुरत नाही." मग तो उतरला आणि पुढल्या पाटावर न बसता धुळीपाशी बसून चिंचोके सरकवू लागला. पंतांनी त्या दिवशी आणखी एकही शब्द शिकविला नाही. संध्याकाळी मुले गेल्यावर मानाजी मागे राहिला आणि खाली पाहून म्हणाला, "दरबारात मी सांगू?" पंतांनी विचारिले, "आबासाहेब तिथं असतील, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ठाऊक आहे. भ्यालोय मी, पंतोजी."

दसऱ्यास दरबार भरला. मुलांनी पहिले कडवे म्हटले, पारवे उडाले, सटवाजीने टिपऱ्या उचलल्या, आणि मानाजीने हात वर केला. सटवाजीस आधी वाटले मूल माशी वारीत आहे. मानाजी म्हणाला, "सटवाजीकाका, थांबा. अजून संपलं नाही." तीस वर्षांत प्रथम तो नगारा थांबला, आणि दरबारात कोणी खोकले तेही ऐकू आले. मग मानाजीने बाकीची कडवी म्हटली, आणि आवाज बारीक, मध्ये दोनदा तुटला, तरी शेवटपर्यंत गेला. महाराजांनी विचारिले, "ही पुढली कडवी कोणास ठाऊक होती?" सटवाजी म्हणाला, "मला पाठ आहेत, सरकार. पण हुकूम नगारा वाजवायचा होता."

महाराज म्हणाले, "मुला, अर्थ सांग." मानाजी म्हणाला, "महाराज, भीती दोघांनाही वाटली. भीमराण्याला वाटली ती त्यानं बोलण्याखाली झाकली आणि वर चढला. वर भीती नव्हती, पण बाळही नव्हतं. चिंगीनं भीती सांगून टाकली आणि खालीच राहिली. आम्ही भित्री म्हणून तिलाच हसत होतो. हसायचं होतं ते वर चढलेल्याला." तेव्हा हैबतराव उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल जाहला होता आणि आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला. ते म्हणाले, "मानाजी, पाय कापतायत तुझे." तो म्हणाला, "होय, आबासाहेब." ते म्हणाले, "एवढी भीती वाटत होती तर बोललास कशाला?" मानाजीने निंबाजीपंतांकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले आणि म्हणाला, "बाळाच्या जागी आमची शाळा खाली होती."

हैबतराव खाली बसले. महाराजांनी शाळा कायम ठेविली. आणि मानाजी, दरबाराचा रीतसर मुजरा करून, पाठीमागच्या खांबाआड गेला आणि पोटभर रडला. निंबाजीपंत उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले, परंतु त्यांनी त्यास गप्प बस म्हटले नाही. सटवाजी टिपऱ्या हातात घेऊन वाट पाहत राहिला, महाराजही वाट पाहत राहिले, आणि मग मुलाने बाहीने नाक पुसले तेव्हा हैबतरावांनीच मान हलवून इशारा केला, आणि नगारा झडला.

येणेप्रमाणे त्या राज्यी कविता पुरी ऐकली गेली. पुढे शाळेत आवाजावरून जागा देण्याची रीत मोडली, चिंचोके मात्र राहिले. दसऱ्याचा नगारा आता शेवटच्या ओळीनंतर वाजतो, आणि खांबाआड कोणी असेल तर ते बाहेर येईपर्यंत थांबतो. इतके घडले, इतके लिहिले, आणि दौत झाकली.